काळ्या मनुकांचा रस

माझ्या नातवंडांनो,

गेल्या रविवारी व्हिडिओ कॉलवर तुमची आत्या फोनकडे बघत बसली आणि तुमच्याशी एक शब्दही बोलली नाही. शेवटी धाकटीने विचारलं, "आजी, आत्या आमच्यावर रागावलीये का?" मी विषय बदलला. खरं उत्तर फोनवर देण्यासारखं नव्हतं, म्हणून आता लिहायला बसले आहे.

मी आयुष्यभर शाळेत इंग्रजी शिकवलं, आणि तुम्हाला इंग्रजी वाचणं सोपं जाईल हे मला माहीत आहे. तरीही मराठीत लिहिते आहे, कारण तुमची आत्या जे काही बोलली ते मराठीतच बोलली. तिचं बोलणं मला भाषांतर करून द्यायचं नाही. अडलं तर बाबाला विचारा. त्याला येतं, मीच शिकवलं आहे.

आणि आत्ताच का, तर मला अजून सगळं क्रमाने आठवतं. तिला आता आठवत नाही. आम्हा दोघींपैकी सांगू शकणारी मी एकटीच उरले आहे.

तुमची आत्या जन्मली तेव्हा दवाखान्यातल्या मोठ्या डॉक्टरांनी तिच्या हाताचे तळवे बघितले, डोळे बघितले, आणि मला न सांगता तुमच्या आजोबांना बाहेर बोलावलं. डाउन सिंड्रोम हा शब्द मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला. डॉक्टर स्वभावाने वाईट नव्हते. ते म्हणाले, "हिच्याकडून काही अपेक्षा ठेवू नका. म्हणजे तुम्हालाच त्रास होणार नाही."

हा सल्ला आम्हाला नवा नव्हता. पुण्यात मराठी ख्रिस्ती घरात वाढलेल्या माणसाला तो निरनिराळ्या शब्दांत लहानपणापासून ऐकायला मिळतो. आमच्या पिढीतल्या मुलींनी नर्स व्हावं, फार हुशार असली तर मास्तरीण, याच्या पुढचा विचार कोणी आमच्यासाठी केला नव्हता. शाळेत माझ्याबरोबर शनिवार पेठेतल्या एक बाई होत्या, मनाने चांगल्या. वर्षानुवर्षं एकत्र डबा खाल्ल्यावर एक दिवस त्या मला म्हणाल्या, "अहो, तुमचं मराठी अगदी आमच्यासारखं आहे हो." मी म्हटलं, "तुमचंही चांगलं आहे." त्या हसल्या. त्यांना वाटलं, मी कौतुक केलं.

तेव्हा कमी अपेक्षा मला ओळखीच्या होत्या. फक्त एवढ्या लहान बाळाकडून त्या कोणी इतक्या लवकर कमी केलेल्या मी पाहिल्या नव्हत्या.

मी शिस्तीची बाई. तिच्यासाठी वेळापत्रक केलं. उठणं, दात, शब्द, चालणं, बटणं. तिला सगळं उशिरा आलं आणि बरंचसं आलंच नाही. आकडे आले नाहीत. अक्षरं थोडी आली आणि गेली. घरी दमून आले की मी वेळापत्रकाकडे बघायची आणि मला डॉक्टरांचं वाक्य आठवायचं.

तिला खरं शिकवलं ते माझ्या सासूबाईंनी, आणि त्यांना वेळापत्रक म्हणजे काय हे माहीत नव्हतं.

आपल्या चर्चमध्ये प्रभुभोजनाला भाकरीच्या तुकड्याबरोबर देतात तो द्राक्षारस विकत आणत नसत. तो आपल्या नाना पेठेतल्या घरात व्हायचा. सासूबाईंच्या आधी त्यांच्या सासूबाई करायच्या. शुक्रवारी काळ्या मनुका धुऊन भिजत घालायच्या, शनिवारी मंद आचेवर शिजवायच्या, कुस्करायच्या, मलमलच्या फडक्यातून गाळायच्या. फडकं पिळायचं नाही, नुसतं टांगून ठेवायचं, नाहीतर रस गढूळ होतो. मग गार करून बाटलीत. रविवारी उपासनेच्या आधी चर्चच्या वेस्ट्रीत, म्हणजे पाळक झगा घालतात त्या मागच्या खोलीत, तो रस चोचीच्या लहान किटलीने काचेच्या बोटभर पेल्यांत भरायचा. पेले गोल ट्रेमध्ये बसवलेले असतात, वर झाकण. हे काम ज्या घराकडे असतं त्या घराचा त्यात फार मोठा मान नसतो. पण ते काम दुसऱ्या कोणाकडे गेलेलं चालत नाही.

सासूबाईंनी तुमच्या आत्याला स्टुलावर उभं करून या कामाला लावलं तेव्हा ती तुमच्यातल्या धाकटीपेक्षाही लहान होती. मी म्हटलं, पेले फुटतील. त्या म्हणाल्या, फुटतील की. काचेचेच आहेत.

त्यांची पद्धत एकच होती. कामाला हात लावण्याआधी हात धुवायचे, पांढऱ्या पंच्याला पुसायचे, आणि त्यांच्यासमोर उभं राहून दाखवायचे. आधी तळवे, मग उलटे करून पाठ. त्या चष्म्यातून दोन्ही बाजू बघायच्या आणि मान हलवायच्या. मान हलल्याशिवाय काम नाही. आत्याला हे इतकं आवडायचं की ती नसलेल्या कामासाठीही हात धुऊन उभी राहायची. अशी कितीतरी वर्षं गेली, आणि त्या हळूहळू एकेक गोष्ट तिच्यावर सोडत गेल्या. आधी पुसणं. मग गाळणं. मग किटली. आकडे न येणारी मुलगी एकही पेला रिकामा न ठेवता सगळे ट्रे भरायची, आणि मेजावर थेंब पडायचा नाही. सासूबाई गेल्या त्या आठवड्यातही रविवारी पेले भरलेले होते. आम्ही घरात रडत होतो आणि ती मनुका कुस्करत होती. त्या दिवशी हात दाखवायला ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली. मी दोन्ही बाजू बघितल्या आणि मान हलवली.

मनुका आम्ही रविवार पेठेतल्या एका सुक्यामेव्याच्या दुकानातून आणायचो. दुकान एका मुसलमान कुटुंबाचं आहे, पिढ्यानपिढ्यांचं. आत्या एक मनुका तोंडात टाकायची, डोळे मिटायची, आणि दुकानदार तोपर्यंत दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे बघायचेसुद्धा नाहीत. आवडली नाही तर ती नुसतं म्हणायची, "ही नको." ते म्हणायचे, "चर्चवाल्या ताईंनी नापास केली, आता मी ही कोणाला विकू?" आणि दुसरा डबा काढायचे.

आता एक गोष्ट तुम्हाला नीट सांगायला हवी, कारण तुमच्या तिकडच्या चर्चमध्ये कदाचित असं नसेल. आपल्याकडे दृढीकरण झाल्याशिवाय प्रभुभोजन घेता येत नाही. दृढीकरण म्हणजे वयात आल्यावर आपला विश्वास आपल्या तोंडाने सगळ्यांसमोर सांगणं. म्हणजे तुमची आत्या दर वेळी सगळ्या मंडळीसाठी पेले भरत होती, आणि तिला स्वतःला त्यातला एक मिळत नव्हता. तिच्या वयाच्या मुलामुलींची तयारी सुरू झाली तेव्हा मी तेव्हाच्या पाळकांकडे गेले. ते वयस्कर होते, प्रेमळ होते. म्हणाले, "बाई, ती तर निष्पाप आहे. तिला याची काय गरज?"

असं प्रेमाने नाही म्हटलं की भांडताही येत नाही. मी म्हटलं, "पाळकसाहेब, ती निष्पाप अजिबात नाही. काल तिने भावाच्या वाटणीची करंजी खाल्ली आणि मांजरावर ढकललं. आमच्याकडे मांजर नाही." ते हसले आणि म्हणाले, आणा तिला.

इतर मुलं पाठ केलेली उत्तरं म्हणून गेली. तिची पाळी आली तेव्हा त्यांनी पुस्तक बाजूला ठेवलं आणि एकच विचारलं, "बाळ, प्रभूच्या मेजाजवळ तू काय घेऊन येशील?" मला वाटलं, संपलं. तिने दोन्ही हात पुढे केले. आधी तळवे. मग उलटे करून पाठ.

पाळकांनी दोन्ही बाजू बघितल्या. त्यांना आमच्या घरची पद्धत माहीत नव्हती. तरी त्यांनी मान हलवली.

त्यानंतरची वर्षं सांगण्यासारखी नाहीत, कारण ती चांगली होती. ती स्वयंपाकघरात चहा करायला शिकली. महिला मंडळात जायची. तुमच्या बाबाच्या लग्नात तिने पाहुण्यांच्या हातावर अत्तर लावलं, आणि आधी प्रत्येकाला हात उलटसुलट करून दाखवायला लावले. तुम्ही दोघं सुट्टीत यायचात तेव्हा तुम्हालाही तिने ते करायला लावलंय. थोरल्याला आठवत असेल. आजोबा गेल्यावर या घरात आम्ही दोघीच राहिलो आणि आमचं नीट चाललं होतं. कधीकधी मला वाटायचं, ते डॉक्टर भेटले तर त्यांना एक पेला भरून द्यावा.

मग ती विसरायला लागली.

आधी लहान गोष्टी. चप्पल घालून आंघोळीला जाणं. चहात दोनदा साखर, मग चहापत्तीच नाही. मग एकदा रविवार पेठेच्या दुकानात तिने मनुका तोंडात टाकली, डोळे मिटले, आणि ते उघडल्यावर तिला पुढे काय म्हणायचं ते सुचेना. दुकानदारांनी दुसरा डबा काढला, तिसरा काढला. ती प्रत्येक वेळी डोळे मिटत होती. शेवटी मीच म्हटलं, ही चालेल.

मेंदूच्या डॉक्टरीणबाईंनी तपासण्या केल्या. तरुण होत्या, हुशार होत्या. त्यांनी मला बाहेर बोलावलं नाही, आमच्या दोघींसमोरच बोलल्या, हे मला आवडलं. डाउन सिंड्रोम असलेल्या माणसांना अल्झायमर फार लवकर गाठतो, असं त्या म्हणाल्या. शेवटी पेन खाली ठेवून म्हणाल्या, "आता फार अपेक्षा ठेवू नका, आजी."

तेच वाक्य. पहिल्या डॉक्टरांचं वाक्य खोटं पाडायला आम्हा तिघींचं आयुष्य लागलं होतं. हे दुसरं मात्र खरं होतं, आणि ते खोटं पाडायला माझ्याकडे कोणीच नव्हतं. परत येताना स्वारगेटच्या चौकात रिक्षा सिग्नलला बराच वेळ थांबली. ती बाहेर बघत होती, मी तिच्याकडे बघत होते. मी तेव्हा ठरवलं, बाकी सगळं जाऊ दे, शनिवारचं काम तिच्याकडून जाऊ द्यायचं नाही. घरात मी बाजूला उभी राहीन, गॅस मी लावीन. पण वेस्ट्रीत ती एकटीच जाईल, जशी नेहमी जाते. सासूबाईंनीही ज्याचं काम त्याच्या हातात दिल्यावर कधी मागून जाऊन बघितलं नव्हतं.

काही महिने ते निभावलं.

मग एका रविवारी, प्रभुभोजनाच्या वेळी, आताच्या पाळकांनी ट्रेचं झाकण उचललं आणि त्यांचा हात थांबला. मी तिसऱ्या बाकावर होते. मला पेले दिसत नव्हते, त्यांचा चेहरा दिसत होता. हे पाळक तरुण आहेत, नुकतेच कोकणातून बदलून आलेले. त्यांनी ट्रेकडे बघितलं, मग पुढच्या बाकावर बसलेल्या तुमच्या आत्याकडे बघितलं, आणि ट्रे उचलून जे शब्द म्हणायचे असतात ते सगळे, एकही न गाळता, म्हटले. मी वेदीपुढच्या कठड्याजवळ गुडघे टेकले, पेला घेतला. पाणी होतं. आमच्या फ्रिजमधलं, वाळा घातलेलं. रसाची बाटली घरी फ्रिजमध्ये तशीच होती, आत्या तिच्या शेजारची पाण्याची बाटली उचलून घेऊन गेली होती.

सगळी मंडळी ते पाणी प्यायली आणि आपापल्या जागेवर जाऊन बसली. कोणी शेजारच्याकडे बघितलंसुद्धा नाही. तिने स्वतःही पेला घेतला, आणि तिला काही वेगळं वाटलं नाही. मला त्याचंच जास्त वाईट वाटलं.

पण हे पुणं आहे. बाहेर पायऱ्यांवर, चहाचा कप हातात आल्यावर, आमच्या कमिटीतले एक निवृत्त बँकवाले गृहस्थ कोणाकडेही न बघता म्हणाले, "काना गावच्या लग्नात प्रभूने पाण्याचा द्राक्षारस केला होता. नाना पेठेत उलटा चमत्कार झाला." दोनतीन जण हसले. मलाही हसू आलं, हे तुम्हाला सांगायला हरकत नाही. ती माझ्या शेजारी उभी होती, आणि सगळे हसताहेत म्हणून तीही हसली.

पुढच्या वेळी बाटली मी तिच्या हातात दिली. आणि उपासनेची घंटा झाली तरी ती वेस्ट्रीतून बाहेर आली नाही. पाळक गेले तर ती खुर्चीवर बसलेली, किटली मांडीवर, समोर सगळे पेले रिकामे. हात धुतलेले होते. त्याच्या पुढचं काही तिच्या लक्षात राहिलं नव्हतं.

त्या आठवड्यात पाळक आणि ते बँकवाले गृहस्थ घरी आले. मी चहा ठेवला. गृहस्थ बराच वेळ साखरेबद्दल बोलले, मग म्हणाले, "वहिनी, कमिटीचं असं मत पडलं, की तिला आता विश्रांती द्यावी."

"तिने मागितली का?" मी विचारलं.

त्यांनी कप खाली ठेवला. हल्ली बंद पेले मिळतात, आत रस, वर चिकटवलेलं झाकण, धुवायची भानगड नाही, सगळीकडे तेच चालतं, असं ते खिडकीकडे बघत म्हणाले. पायऱ्यांवरचा तो माणूस आणि हा माणूस एकच, हे मला खरं वाटेना.

पाळक मग बोलले. "बाई, त्या रविवारी मी झाकण उघडलं, पाणी बघितलं, आणि पुढे गेलो. मला त्यात काही चुकलं असं अजूनही वाटत नाही. पण रिकामा पेला मी लोकांना कसा देऊ?"

मी वाद घालायची तयारी केली होती. सगळे मुद्दे क्रमाने लावून ठेवले होते. शिक्षिका आहे मी. तिच्या आजीपासून सुरुवात करणार होते. पण ते बरोबर बोलत होते. मी त्यांना आणखी चहा विचारला. ते नको म्हणाले. तुमची आत्या तेव्हा आतल्या खोलीत बसून पांढऱ्या पंच्याची घडी घालत होती आणि उलगडत होती.

पुढचे काही शनिवार ती गॅसजवळ जाऊन उभी राहायची. मी तिला हात धरून बाहेर आणायची. ती रागावायची, एकदा तिने मला ढकललं. मग एका शनिवारी ती गेलीच नाही. माझ्या मैत्रिणी म्हणाल्या, बरं झालं, रमली. रमली नव्हती. तिला ते आठवेनासं झालं होतं. राग होता तोपर्यंत ती त्या कामाची होती.

रविवार पेठेत मी एकदा गेले, दुकानदारांना सांगायला. त्यांनी मला बघून, न विचारता, नेहमीच्या मनुका बांधायला घेतल्या आणि म्हणाले, "ताई नाही आल्या?" मी पैसे दिले. मनुका घेऊन आले. त्या बरणीत तशाच आहेत. तिला देता येत नाहीत, घशात अडकतात. मला खाववत नाहीत.

आता ती बोलत नाही. तुमची नावं तिला येत नाहीत, माझंही येत नाही. मी आई आहे हे तिला कळतं की नाही, मला माहीत नाही. माझ्या आवाजाने शांत होते एवढं खरं. म्हणजे धाकटीच्या प्रश्नाचं उत्तर असं, की आत्या तुमच्यावर रागावलेली नाही. तुम्ही कोण, हेच तिच्याकडे उरलेलं नाही.

तुमचा बाबा विचारतो, प्रार्थना करतेस ना? करते. पूर्वी ती बरी व्हावी म्हणून केली. मग ती निदान आहे तिथे थांबावी म्हणून केली. त्या दोन्हींना उत्तर आलं नाही आणि मी त्याचा अर्थ लावत बसत नाही. आता मी एकच मागते, की तिने माझ्या आधी जावं. कोणत्याही आईने हे मागू नये. पण माझेही गुडघे गेले, रक्तदाब आहे, आणि माझ्यानंतर तिच्याजवळ कोण बसेल याचं उत्तर तुमच्या बाबाकडेही नाही. तो तिकडे येऊन राहा म्हणतो. विमानात ती कशी बसेल? चर्चला जाणंही आता जमत नाही. बाकावर मी गाणी म्हणायची, शेजारी ती त्या सुरात हुंकार द्यायची, ते सगळं थांबलं. मी विश्वास सोडलेला नाही. पण तो आता मला धीर देतो असंही नाही. घरातलं जुनं माणूस कोपऱ्यात बसून असतं, तसा तो असतो.

परवा पाळक घरी आले, आम्हा दोघींना प्रभुभोजन द्यायला. बंद पेले घेऊन आले होते. वरचं झाकण माझ्या बोटांनी निघेना, त्यांनी काढून दिलं. रस फार गोड होता, औषधासारखा. भाकरीचा तुकडा तिच्यासाठी त्यांनी रसात बुडवून मऊ केला. ती भिंतीकडे तोंड करून बसली होती. ते तिच्यासमोर खाली जमिनीवर बसले आणि थांबले. मी म्हणणार होते, राहू द्या, तिला कळत नाही.

तिने त्यांच्याकडे बघितलं नाही. पण दोन्ही हात पुढे केले. आधी तळवे, मग उलटे करून पाठ. मग पुन्हा तळवे, आणि ते तसेच धरून ठेवले.

जेवणाआधी, गोळीआधी, अंग पुसायला गेले तरी, ती आता हेच करते. का करते, ते तिला माहीत नाही. मी दोन्ही बाजू बघते आणि मान हलवते. बाकी सगळं गेलं. हात अजून पुढे येतात.

तुमची आजी